जुळ्यांना वेगळे सेट आले आणि कमी उत्तरं बरोबर आलेला पुढे गेला, हे कसं काय?

ताई, तुमचं पत्र मिळालं आणि खरं सांगते, वाचून जीव कळवळला, कारण दोन्ही मुलं तुमचीच आणि दोघांपैकी कुणाचीच काही चूक नाही, तरी घरात चार दिवस अबोला. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताईंची जुळी मुलं, एक मुलगी एक मुलगा, दोघांनी एकाच दिवशी एकच प्रवेश परीक्षा दिली, पण हातात वेगवेगळे सेट आले. ८० प्रश्न. मुलीची ६१ उत्तरं बरोबर, तिच्याकडे सेट अ होता. मुलाची ५८ बरोबर, त्याच्याकडे सेट ब. रिझल्ट आला तर मुलीचा स्कोअर ५९० आणि मुलाचा ६००, पर्सेंटाइल ८२ आणि ८४. मुलगी म्हणतेय माझे मार्क कुणी खाल्ले, बाबा म्हणतायत की बाकीची मुलं हुशार आली असतील म्हणून हिचे घसरले. आणि ताईंनी विचारलंय की हा अन्याय आहे का, रीचेकिंगला टाकू का, पुढच्या वेळी कुठली तारीख घेतली तर सोपा सेट मिळेल, आणि मुलीला नेमकं काय सांगू.

आधी उत्तर देते मग कारण, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. मार्क कुणी खाल्लेले नाहीत. तुमची दोन्ही मुलं या परीक्षेपुरती जवळजवळ बरोबरीची आहेत, उन्नीस-बीसचाही फरक नाही म्हटलं तरी चालेल, आणि तो १० चा आकडा जो दिसतोय त्याच्यावर कुणी भांडावं एवढा जीवच त्याच्यात नाही. हे मी समजूत काढायला म्हणत नाहीये, तुम्ही रिझल्टच्या माहितीपत्रकातले जे आकडे पाठवलेत त्यातूनच निघतंय, खाली करून दाखवते. मी बरीच वर्षं परीक्षांचे स्कोअर काढणाऱ्या टीममध्ये काम केलंय म्हणून हे प्रश्न माझ्या फार जवळचे आहेत, थोडं लांबेल, पण वाचा.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं असतं की जितकी उत्तरं बरोबर तितके मार्क आणि तेवढीच हुशारी. एक वर्ग, एक पेपर असेल तर ते चालतंही. पण ६१ हा आकडा नुसता "६१ बरोबर" एवढंच सांगतो, आणि तेही त्या पेपरातले. कॉपी होऊ नये म्हणून, पेपर बाहेर फुटू नये म्हणून, वर्षातून चार वेळा परीक्षा घ्यायची असते म्हणून सेट अनेक करावेच लागतात. सेट बनवणारे खूप काळजी घेतात, कुठल्या विषयाचे किती प्रश्न, किती सोपे किती मध्यम किती अवघड, सगळं आराखड्याप्रमाणे, तरीसुद्धा दोन सेट तंतोतंत एका अवघडपणाचे होत नाहीत, आजवर मी तरी बघितलेले नाहीत. एखाद्या प्रश्नात आकडे जरा वाकडे पडतात, एखाद्या उताऱ्याची भाषा जड जाते, की झाला फरक. मग हा फरक मुलांच्या माथी मारायचा का? नाही ना. तराजूचं एक पारडं जड असेल तर आपण आधी पासंग काढतो आणि मग तोलतो, तेच काम इथे करतात. त्याला इक्वेटिंग म्हणतात.

आता तुमच्याच परीक्षेचं बघा. माहितीपत्रकात लिहिलंय की दोन्ही सेट हॉलमध्ये आळीपाळीने वाटले, म्हणजे पहिल्या बाकावर अ, दुसऱ्यावर ब, तिसऱ्यावर परत अ. हे दिसायला साधं आहे पण सगळी गंमत यातच आहे. हजारो मुलांना असे एकाआड एक पेपर वाटले की अ वाली मुलं आणि ब वाली मुलं हे दोन गट सरासरीने सारखेच निघतात, हुशार, मध्यम, तयारी न केलेली, घाबरलेली, सगळी दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात. मग सेट अ ची सरासरी ५२ आली आणि सेट ब ची ४७ आली तर तो ५ चा फरक मुलांचा नाही, पेपरचा आहे. सेट ब अवघड होता. तुमच्या मुलाला अवघड पेपर आला होता आणि हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं.

पण नुसते ५ मार्क सगळ्यांना वाढवून दिले असं नसतं हं, इथे खूप लोक चुकतात, "ब वाल्यांना ग्रेस दिले" म्हणतात. माहितीपत्रकात अजून एक आकडा आहे, मार्क सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचा, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, सेट अ चं १० आणि सेट ब चं ११. सगळ्यात सोप्या पद्धतीत विचार असा करतात की सेट ब मध्ये एखादं मूल सरासरीच्या जेवढं वर आहे, पसरटपणाच्या मापात, तेवढंच वर ते सेट अ मध्येही असतं. तुमचा मुलगा ५८, म्हणजे ४७ च्या ११ वर, म्हणजे बरोबर एक पूर्ण माप वर. सेट अ मध्ये एक माप वर म्हणजे ५२ आणि १०, झाले ६२. तुमची मुलगी सेट अ मध्येच होती, ६१. बघा, ६२ आणि ६१. एका प्रश्नाचा फरक!

आणि हे उलटं पण करून बघा, कारण पद्धत खरी असेल तर उलटंही बसलं पाहिजे, ही इक्वेटिंगची एक अटच आहे. मुलगी सरासरीच्या ९ वर, १० च्या मापात म्हणजे ०.९ माप वर. सेट ब मध्ये ०.९ माप म्हणजे ११ च्या ०.९ पट, साधारण १०, अधिक ४७, म्हणजे ५७. याचा अर्थ तिला जर भावाचा पेपर आला असता तर तिची ६१ नाही, साधारण ५७ बरोबर आली असती. हे वाक्य तिच्यासाठी लिहून ठेवा, मी परत त्याच्याकडे येणार आहे.

आता ग्रेसचं बघा. सेट ब मध्ये ३६ मिळवणाऱ्याचे सेट अ च्या हिशोबात ४२ होतात, ६ वाढले. ४७ चे ५२, ५ वाढले. ५८ चे ६२, ४ वाढले. ६९ चे ७२, ३ च वाढले. म्हणजे जसजसं वर जाल तसतसं वाढणं कमी, कारण अवघड पेपर सगळ्यांना सारखा जड जात नाही. आणि याच पद्धतीने ज्याची ८० पैकी ८० बरोबर त्याचे होतात ८२, जे शक्यच नाही, पेपरच ८० चा आहे! म्हणून ही सरळ रेषेची पद्धत टोकाला जाऊन अडते आणि मोठ्या परीक्षांमध्ये बऱ्याचदा दुसरी वापरतात, जिच्यात सेट ब मध्ये जितक्या टक्के मुलांच्या वर एखादा मार्क आहे, तितक्याच टक्के मुलांच्या वर सेट अ मध्ये कुठला मार्क आहे ते शोधतात आणि दोन्ही एकसमान धरतात. वाकडीतिकडी रेषा येते पण टोकाला नीट वागते. मधल्या भागात, जिथे तुमची मुलं आहेत, दोन्ही पद्धतींचं उत्तर बहुतेक वेळा जवळपासच येतं.

यानंतर सेट अ च्या मापातले हे मार्क एका ठरलेल्या पट्टीवर नेतात. तुमच्या परीक्षेत सरासरीला ५०० म्हटलंय आणि एका मापाला १००. म्हणून ६२ चे ६०० आणि ६१ चे ५९०. ५०० आणि १०० हे आकडे काही आभाळातून पडलेले नाहीत, कुणीतरी ठरवलेले आहेत, बुद्ध्यांकाच्या चाचण्यांत १०० आणि १५ घेतात, कुठे ५० आणि १० घेतात. असे आकडे मुद्दाम घेतात की ते बघून कुणाला "८० पैकी" किंवा "१०० पैकी" असं वाटू नये. तरी वाटतंच म्हणा.

हे सगळं एकाच दिवशी आळीपाळीने पेपर वाटले तर सोपं. खरी कसरत वेगवेगळ्या तारखांना असते आणि तुम्ही तारखेबद्दल विचारलंयत म्हणून हे सांगतेच. पहिल्या तारखेला आलेली मुलं आणि चार महिन्यांनी आलेली मुलं सारखी असतीलच असं नाही, नंतर येणाऱ्यांत दुसऱ्यांदा देणारे असतात, जास्त तयारी केलेले असतात. सरासरी वेगळी आली तर पेपरमुळे की मुलांमुळे, कसं ओळखणार? त्यासाठी दोन्ही पेपरांत थोडे प्रश्न अगदी तेच ठेवतात, त्यांना अँकर प्रश्न म्हणतात, म्हणजे नांगर. समजा अँकरचे २० प्रश्न आहेत. पहिल्या गटाची पूर्ण पेपरात सरासरी ५२ आणि अँकरमध्ये १३. दुसऱ्या गटाची पेपरात ५० पण अँकरमध्ये १४. तेच प्रश्न दुसऱ्या गटाने जास्त सोडवले, म्हणजे गट थोडा तगडा आहे, आणि तरी एकूण पेपरात ते २ ने मागे पडले, म्हणजे दुसरा पेपर नुसता २ ने नाही तर त्याहून जास्त अवघड होता. वरवर बघणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

म्हणूनच अँकर प्रश्नांना आम्ही फार जपायचो. ते अख्ख्या पेपरची छोटी प्रतिकृती असावे लागतात, सगळ्या विषयांतले, सोपे-अवघड सगळे, आणि दोन्ही पेपरांत शक्यतो त्याच जागी. या जागेवरून मी एक रात्र आयुष्यात विसरणार नाही. मी जिथे काम करायचे तिथे एकदा दोन तारखांचे आकडे जुळवताना एक अँकर प्रश्न बाकीच्यांपासून इतका लांब पडलेला दिसला की मला वाटलं उत्तरसूचीच चुकलीय. सूची बरोबर होती, प्रश्नही अक्षर न अक्षर तोच होता. शेवटी दोन्ही छापील पेपर शेजारी ठेवून पानं उलटली तर एका पेपरात तो ८ वा प्रश्न होता आणि दुसऱ्यात ७१ वा. तिथपर्यंत पुष्कळ मुलं पोचलीच नव्हती, पोचली ती दमून. प्रश्न अवघड झालाच नव्हता, त्याची जागा अवघड होती. आम्ही तो अँकरमधून काढला, सगळं परत केलं, आणि रिझल्ट उशिरा लागला. तेव्हा पालकांचे खूप फोन आले की उशीर का, आणि मला आजही वाटतं की तो उशीर करणंच बरोबर होतं, कारण तो प्रश्न तसाच राहिला असता तर एका तारखेच्या सगळ्या मुलांचे स्कोअर सरकले असते आणि कुणालाही कधी कळलं नसतं.

ही काही आमचीच गोष्ट नाही. अमेरिकेत शाळकरी मुलांची देशपातळीवर जी एनएईपी नावाची पाहणी होते, तिच्यात १९८६ साली ९ आणि १७ वर्षांच्या मुलांचे वाचनाचे स्कोअर दोनच वर्षांत एवढे घसरले की कुणाचा विश्वास बसेना. शोध घेतला तेव्हा कळलं की प्रश्नपुस्तिकांची मांडणी, प्रश्नांचा क्रम, वेळ यात जे छोटे छोटे बदल केले होते त्यांनी बराच घोळ घातला होता. त्या कामातले अल्बर्ट बीटन यांचं म्हणणं आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतं, की बदल मोजायचा असेल तर मोजमाप बदलू नका.

आणि इथेच एक कळकळीची विनंती, सगळ्याच आईवडिलांना. परीक्षा देऊन आलेल्या मुलांकडून प्रश्न आठवून लिहून घेतात आणि पुढच्या तारखेच्या मुलांना वाटतात, हे कृपा करून करू नका. त्यात अँकर प्रश्न असतात. पुढच्या गटाला ते आधीच माहीत असले की तो गट आहे त्यापेक्षा तगडा दिसतो, मग हिशोब म्हणतो की गट तगडा असून पेपरात मार्क कमी म्हणजे पेपर फार अवघड होता, आणि त्या तारखेच्या सगळ्यांचाच स्कोअर फुगतो, ज्यांनी प्रश्न बघितले त्यांचाही आणि ज्यांनी नाही बघितले त्यांचाही. नुकसान कुणाचं, तर आधीच्या तारखेला प्रामाणिकपणे देऊन गेलेल्यांचं, ज्यांना याचा पत्ताही नाही.

आता तुमच्या मिस्टरांच्या म्हणण्याकडे येते, की बाकीची मुलं हुशार आली म्हणून हिचे मार्क घसरले. यात दोन गोष्टींची सरमिसळ झालीय आणि ती जवळजवळ सगळेच करतात. ५९० हा स्कोअर आणि ८२ हा पर्सेंटाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इक्वेटिंग नीट झालं असेल तर ५९० त्या दिवशी शेजारी कोण बसलं होतं याच्यावर अवलंबून नसतो. पट्टी आधीच ठरलेली असते, नवा पेपर फक्त त्या पट्टीला जोडतात. पर्सेंटाइल मात्र पूर्णपणे दुसऱ्यांवरच अवलंबून, ८२ म्हणजे ज्या गटाशी तुलना केली त्यातली ८२ टक्के मुलं तिच्याइतकी किंवा तिच्या मागे. (काही ठिकाणी फक्त मागचे मोजतात, पत्रकात बघून घ्यायचं.) ८२ टक्के मार्क नव्हेत! हा घोटाळा तर शिकलेली माणसंसुद्धा करतात.

मग लगेच पुढचा प्रश्न, कुठल्या गटाशी तुलना? तोच नॉर्म गट, आणि रिझल्टच्या कागदावर हे शोधून वाचायलाच पाहिजे. याच वर्षी परीक्षा दिलेली मुलं, गेल्या तीन वर्षांतली मुलं, की देशभरातून नमुना म्हणून निवडलेली मुलं, ज्यात परीक्षा द्यायचा विचारही नसलेलीही येतात? गट बदलला की तोच स्कोअर पण पर्सेंटाइल वेगळा. सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेचं. ती १९२६ पासून चालू आहे. एप्रिल १९४१ मध्ये जी दहा हजारांवर मुलं बसली होती त्यांची भाषेच्या भागातली सरासरी ५०० धरून पट्टी पक्की केली आणि नंतरचे पेपर साखळीसारखे मागच्या पेपरांना जोडत नेले. चांगली गोष्ट ही की त्यामुळे वर्षानुवर्षांचे स्कोअर एका पट्टीवर राहिले. पण १९४१ मध्ये ही परीक्षा मोजकीच मुलं द्यायची, पुढे लाखो द्यायला लागली, आणि १९९० पर्यंत भाषेची सरासरी ४२५ च्या आसपास आली होती, तरी लोक समजायचे ५०० म्हणजे सरासरी. शेवटी १९९५ मध्ये १९९० च्या मुलांचा गट धरून पट्टी नव्याने बसवली आणि सरासरी परत ५०० वर आणली. लोकांना वाटलं मुलांना फुकट मार्क वाटले. मुलं तीच होती, तुलनेचा गट बदलला होता.

जेईई मेनची पद्धत यापेक्षा वेगळी आहे, तिथे प्रत्येक शिफ्टमधल्या मुलांची त्याच शिफ्टमध्ये तुलना करून पर्सेंटाइल काढतात आणि मग सगळ्या शिफ्ट एकत्र करतात, म्हणजे शिफ्टचा गट हीच पट्टी. शिफ्टमध्ये मुलं पुष्कळ असली आणि कुठल्याही खास निकषाशिवाय वाटली गेली तर हे बऱ्यापैकी चालतं, कारण गट सारखे निघतात, तुमच्या आळीपाळीच्या वाटपासारखंच. तिथे पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत देतात, ते टाय कमी व्हावेत म्हणून. मुलाची हुशारी सात दशांशापर्यंत मोजता येते असा त्याचा अर्थ कुणी घेऊ नये, अगदी मनापासून सांगते.

नॉर्म शिळे पण होतात. १९८७ मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या जॉन कॅनेल नावाच्या डॉक्टरने दाखवून दिलं की प्राथमिक शाळांच्या चाचण्यांत ५० च्या ५० राज्यं स्वतःला देशाच्या सरासरीच्या वर सांगत होती. सगळे सरासरीच्या वर कसे असतील? त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे तुलना काही वर्षांपूर्वीच्या मुलांशी चालली होती, आणि तेच पेपर वर्षानुवर्षं वापरल्याने शिक्षकांना तोंडपाठ झाले होते. बुद्धिमत्तेच्या चाचण्यांचं पण तसंच, जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकेत जवळजवळ १४ पॉइंटची वाढ झाली होती, म्हणजे जुना नॉर्म धरला तर आजचं साधं मूलही उगाच हुशार दिसतं. म्हणून कुणी नुसता पर्सेंटाइल सांगितला की मी पहिलं विचारते, कुणाच्यात आणि कुठल्या सालचा.

तुमच्या ८२ आणि ८४ बद्दलही एक सांगायचंय. पर्सेंटाइलच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. मध्ये मुलांची गर्दी असते म्हणून तिथे एखाद्या प्रश्नाने पर्सेंटाइल भराभर हलतो, टोकाला मुलं विरळ म्हणून तिथे हलता हलत नाही. तुमच्या पट्टीवर ५०० वरून ५१० ला गेलं की पर्सेंटाइल ५० चा ५४ होतो, पण ७०० वरून ७१० ला गेलं तर ९८ च्या आसपासच, जेमतेम अर्ध्याने सरकतो. दोन्हीकडे वाढ १० च. म्हणून दोन पर्सेंटाइलची वजाबाकी करून "तो दोनने पुढे" असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच रिझल्टवर सगळ्यात बारीक अक्षरात छापतात. तुमच्या माहितीपत्रकात लिहिलंय की मोजमापाची चूक ३० आहे. चूक म्हणजे कुणाचा निष्काळजीपणा नाही. तेच मूल, तीच तयारी, पण उद्या दुसरा सेट दिला, झोप कमी झाली, एक अंदाज बरोबर लागला, एक चुकला, की स्कोअर थोडा इकडेतिकडे होणारच, तो साधारण किती हलतो त्याचं हे माप. पेपरची विश्वासार्हता, म्हणजे परत परीक्षा घेतली तर स्कोअर किती जुळतील याचा आकडा (१ म्हणजे अगदी तंतोतंत), ०.९१ असेल, जी चांगलीच मानतात, आणि पसरटपणाचं माप १०० असेल तरी ही चूक ३० निघते. म्हणजे मुलीचा ५९० हा नेमका एक ठिपका नाही, ५६० ते ६२० असा पट्टा आहे, आणि तोसुद्धा तिनातल्या साधारण दोन वेळा बरोबर ठरणारा. मुलाचा ५७० ते ६३०. दोन्ही पट्टे जवळजवळ एकमेकांवरच आहेत. आणि दोन स्कोअरच्या फरकात दोघांच्याही चुका येतात, त्यामुळे फरकाची चूक अजून मोठी, ४२ च्या आसपास. ४२ समोर १० म्हणजे काय हो? उद्या दोघांनी परत परीक्षा दिली तर मुलगी पुढे यायची शक्यता जवळजवळ निम्मी आहे.

रीचेकिंगचं विचारलंयत. उत्तरपत्रिका नीट स्कॅन झाली का, खाडाखोड मशीनने चुकीची वाचली का, सेटचा कोड बरोबर भरला गेला का, हे तपासायचं असेल तर जरूर टाका, विशेषतः कोड, कारण अ च्या ऐवजी ब च्या सूचीने तपासलं तर सगळंच कोसळतं. पण तुमच्या मुलीची ६१ बरोबर आलीत आणि तिच्याही अंदाजाने ६० च्या पुढेच होती असं तुम्ही लिहिलंयत, म्हणजे कोड बरोबरच लागलाय. रीचेकिंगमध्ये इक्वेटिंग बदलत नाही, ते एका मुलाचं नसतंच, सगळ्यांचं एकत्र असतं. एखादा प्रश्न चुकीचा आहे किंवा दोन उत्तरं बरोबर आहेत असं वाटत असेल तर ते मात्र मुदतीच्या आत नक्की कळवा, कारण तो बदल सगळ्यांसाठी होतो आणि होतोही. पैसे आणि जीव आटवून नुसतं "भावापेक्षा कमी का" म्हणून रीचेकिंग नको.

तारखेचं तर सोडूनच द्या. सोपा सेट मिळाला तर तेवढ्याच बरोबर उत्तरांना त्या हिशोबात स्कोअरही कमी मिळतो, आणि सोप्या पेपरात एक चुकलं की तो जास्त खाली येतो. तयारीला जी तारीख सोयीची ती घ्या. आणि परत द्यायचीच असेल तर हे लक्षात ठेवा की काहीही न शिकता दिली तरी स्कोअर ३० ने वर किंवा खाली जाऊ शकतो, तेव्हा वर गेला तर क्लासचं यश आणि खाली गेला तर मुलीचा आळस असं लगेच ठरवू नका.

मुलीला काय सांगायचं? तिला आकड्यांनी दुखावलंय तर आकड्यांनीच समजवा, ती ६१ सोडवणारी मुलगी आहे, तिला कळेल. दोघांना एकत्र बसवा, एकटीला नको. मुलाला म्हणा की तुझ्या ५८ चे सेट अ मध्ये किती होतात ते काढ, आणि तिला म्हणा तुझ्या ६१ चे सेट ब मध्ये किती ते तू काढ. तिचं उत्तर ५७ येईल आणि तेव्हा तिला स्वतःच दिसेल की तिच्याकडून काही हिसकावलेलं नाही, तिला जरा सोपा रस्ता मिळाला होता आणि ती तो चांगला चालून गेली. मग मुलालाही दोन्ही पट्टे काढून दाखवायला सांगा, ५६० ते ६२० आणि ५७० ते ६३०, एका कागदावर, एकाखाली एक, म्हणजे तोही "मी पुढे" म्हणणार नाही. तुम्ही लिहिलंयत की त्याने पहिल्या दिवशी बहिणीला चिडवलं होतं. त्याला माफी मागायला लावू नका एवढ्यात, आधी कागद काढू द्या.

आणि प्रवेशाचं पत्रात शेवटी एकच ओळ लिहिलीत, की तिला हवी ती शाखा ६०० ला बंद झाली. ताई, तुमच्या पत्रातला हाच भाग मला सगळ्यात जास्त लागला. कुठेतरी रेघ ओढावी लागते हे मान्य, पण ५९० आणि ६०० मध्ये ती रेघ या परीक्षेला खरं म्हणजे दिसत नाही, आणि परीक्षा बनवणारे आम्ही लोकही वर्षानुवर्षं हेच सांगत आलोय की एकट्या स्कोअरवर प्रवेश ठरवू नका. त्या संस्थेच्या नियमात वेटिंग लिस्ट किंवा मुलाखत किंवा शाळेच्या मार्कांचा भार असं काही आहे का ते आजच बघा, आणि असेल तर अर्ज करताना मोजमापाची चूक ३० आहे हे माहितीपत्रकातलं पान सोबत जोडा. मुदत असेल तर मला तारीख कळवा, अर्जाचा मसुदा मी बघून देते.